मामा वाट चुकतो

टिळकवाडी, बेळगाव
८ जानेवारी १९३९

आक्का,

पाया पडतो. तू पाय मागे घेणार हे ठाऊक आहे, तरी पडतो.

हे पत्र नेहमीसारखं मालूच वाचत असणार. मालू, बाळ, दारात उभी राहून वाचू नकोस, निपाणीतल्या तुमच्या गल्लीला कान फार. आत जा. आईला चुलीपुढून उठवू नकोस. भाकरी करपली तर तोही माझाच दोष निघेल.

मालू, तुझं लग्न ठरलं म्हणे. वैशाखातली तिथी धरली, मुलगा गडहिंग्लजचा, घरी दोन म्हशी आणि उसाचं रान. हे सगळं मला कुणी सांगितलं? काकतीच्या भावकूनं! तंबाखूची गाडी घेऊन तो तुमच्या वखारीत आला होता, तिथं दाजींनी त्याला पेढा दिला. सख्ख्या मामाला भाचीच्या लग्नाची बातमी गाडीवानाकडून कळावी, ही कुठली रीत, आक्का? मी रागावलो आहे. रागावायचा हक्क मला उरला नाही असं तू म्हणशील. नसेल उरला. तरी रागावलो आहे.

चार वर्षं होत आली. तुझ्या थोरलीच्या, राजीच्या लग्नाचा मुहूर्त दुपारी साडेबाराचा आणि मी पोचलो दिवस कलल्यावर. मामा म्हणून नवरीच्या पाठीशी मी उभं राहायचं, तिथं चुलतभाऊ रवळूला उभं करावं लागलं. कबूल. पण वंटमुरीच्या घाटात मोटार बंद पडली त्याला मी काय करणार? हे मी त्या दिवशीही सांगितलं, आणि नंतरच्या सोळा पत्रांतही लिहिलं. तू तेव्हा एवढंच म्हणालीस, "दिसाढवळ्या गोष्टी सांगत फिरतोस न्हवं, मग मामा वाट चुकनारच." आणि आत निघून गेलीस. त्यानंतर तुझा शब्द नाही.

आक्का, मी अजून दिवसाच गोष्टी सांगतो. आजवर माझी तीन पुस्तकं निघाली, आणि चौथं लिहितो आहे. सकाळी सायकलीवरून काकतीच्या शाळेत जाताना डोक्यात गोष्ट जुळवायची, दुपारी चौथीच्या वर्गाला सांगायची, आणि घरी येऊन लिहायची. जया म्हणते, नवऱ्याशी बोलायचं असेल तर चौथीत नाव घालावं लागेल.

गोष्ट जमली की नाही हे मुलांना विचारायचं नसतं. विचारलं की ती "छान हाय गुरुजी" म्हणतात. मी त्यांच्या पायांकडे बघतो. मांडी घालून बसलेल्या पोराचा अंगठा सारखा हलत असतो. गोष्ट लागली की थांबतो. ज्या ओळीला अंगठे पुन्हा हलायला लागतात तिथं खूण करायची आणि घरी येऊन ती ओळ उडवायची. ही युक्ती मला राजीमुळे सापडली. शाळेसाठी दोन वर्षं माझ्याकडे होती तेव्हा माझी प्रत्येक गोष्ट आधी तिच्या अंगठ्यापुढून गेली. तो अंगठा फार कडक होता. एकदा तर राजवाड्याचं अख्खं वर्णन मला फेकून द्यावं लागलं.

परवा एक बाई जळणाची मोळी डोक्यावर घेऊन थेट वर्गात आली. म्हणाली, "मास्तर, दिसा गोष्टी सांगू नगा वो. माझा भाऊ सक्रांतीला येतो म्हनलाय. पोरांचा मामा वाट चुकला म्हंजे?" मी म्हटलं, "बाई, ही गोष्ट नव्हे, धडा आहे." "धडा व्हय? मग चालतंय की," म्हणाली आणि गेली. तेव्हापासून पोरं म्हणतात, गुरुजी, धडा सांगा, आणि त्यात राक्षस असू द्या. मी त्या बाईला हसलो खरा, पण सायकलीवरून घरी येईपर्यंत तुझंच वाक्य कानात होतं.

आता सरळ विचारतो. मालूच्या पाठीशी मामा म्हणून मला उभं राहू देणार आहेस का? रवळू चांगला माणूस आहे, पण तो मामा नव्हे. मामा मी आहे.

तुझा
मष्णू


टिळकवाडी, बेळगाव
३० जानेवारी १९३९

आक्का,

तुझं नव्हे, मालूचं कार्ड आलं. तुझ्याकडून चोरून लिहिलं असणार. कार्डाला तंबाखूचा इतका वास की जया वाचता वाचता तीनदा शिंकली. दोनच ओळी आहेत: "आई तुमची पत्रं ऐकते. पण मोटार बंद पडली तिथं आलं की उठून जाते."

उठून का जातेस? मोटारीवर विश्वास नाही का तुझा? मग नीट सांगतो. वंटमुरीच्या चढावर इंजिन तापलं. धूर निघायला लागला. ड्रायव्हर शामू नावाचा, एका डोळ्यानं जरा कमी बघायचा. तो उतरला, म्हणाला, पाणी आणा. आम्ही चौघं घागर घेऊन ओढ्यावर गेलो. ओढा आटलेला. मग वर धनगरांच्या वाड्यावर गेलो, तिथं कुत्री मागे लागली. पाणी आणून ओतलं तर आत काहीतरी फुटलं. मग मोटार ढकलली. मीही ढकलली, आक्का, लग्नातल्या नव्या धोतरानिशी. हे खोटं वाटतं का तुला?

असो. चौथ्या पुस्तकाचं काम अडलं आहे. पुण्याचे प्रकाशक लिहितात की तुमच्या "बाजाराला निघालेली विहीर" सारखीच आणखी एक गोष्ट द्या. ते पुस्तक फार चाललं. तिथल्या एका मासिकानं त्याला बक्षीसही दिलं. मुलं रस्त्यात मला विहीर गुरुजी म्हणतात. पण तशी गोष्ट मागून मिळत नाही. मी रोज बसतो, तीन ओळी लिहितो आणि दोन खोडतो. मुलांच्या डोळ्यांसमोर राहून खोटं बोलणं फार अवघड असतं. ती लगेच म्हणतात, गुरुजी, कालच्याला राक्षस काळा होता, आज हिरवा कसा?

दाजींना नमस्कार. मालू, बाळ, तू चोरून लिहितेस ते लिहीत जा.

मष्णू


टिळकवाडी, बेळगाव
१९ फेब्रुवारी १९३९

आक्का,

काल मालूचं दुसरं कार्ड आलं. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. तिनं लिहिलंय, "मामा, आमच्या वखारीतले आण्णाप्पा काका त्या दिवशी तुमच्याच मोटारीत होते. मोटार कुठंच बंद पडली नव्हती. ते साडेदहाला मांडवात पोचले. त्यांनी सगळं आईला सांगितलं, तेव्हा आईनं त्यांना शपथ घातली, कुणापाशी बोलायचं नाही म्हणून. परवा त्यांच्या तोंडून निघालं."

म्हणजे दारात मी पाऊल टाकलं त्याच्या आधीपासून तुला ठाऊक होतं. मी मोटारीचं रडगाणं गात होतो आणि तू ऐकत होतीस. सोळा पत्रं! आणि गेल्या पत्रात तो एका डोळ्याचा ड्रायव्हर आणि धनगरांची कुत्री! मालूनं ते सगळं तुला वाचून दाखवलं असेल, या विचारानं कान तापतात.

आक्का, वाड्यावरची कुत्री खोटी. ओढा खोटा. शामू खोटा. आता खरं ऐक.

मोटार संकेश्वरला थांबली. चहापाण्याला पंधरा मिनिटं होती. शेजारी बसलेल्या गृहस्थानं मला पान दिलं. तेच तुमचे आण्णाप्पा, हे मला काल कळलं. त्यांनी माझं सगळं विचारून घेतलं, मी त्यांना नावगाव विचारलं नव्हतं. मी खाली उतरलो. चिंचेखाली एक म्हातारी मिरच्यांचं पोतं पुढ्यात घेऊन बसली होती आणि मांडीवरच्या नातीला गोष्ट सांगत होती. अर्धी मराठीत, अर्धी कानडीत. एका गावाच्या विहिरीला बाजार बघायचा असतो. सगळ्या बायका पाणी भरायला येतात आणि बाजाराच्याच गप्पा सांगतात, बांगड्या काय, जिलेबी काय. एक दिवस विहीर उठते आणि चालायला लागते. नात मध्ये मध्ये विचारायची, "आमेले?" मग काय झालं? मी पेन्सिल काढली आणि वहीत लिहायला लागलो.

मोटारीनं हॉर्न दिला. मी उठलो नाही. विहीर तेव्हा रस्त्यात थांबली होती, कारण तहानलेले बैल तिला पुढे जाऊ देत नव्हते. आण्णाप्पांनी खिडकीतून हाक मारली, "मास्तर, चला की वो!" मी हातानं खूण केली, तुम्ही व्हा पुढे. मला वाटलं, दुसरी मोटार येईल. मुहूर्ताला अजून अवकाश आहे. आक्का, खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. त्या क्षणी मला राजीचं लग्न आठवतच नव्हतं. विहीर बाजारापर्यंत पोचते की नाही, एवढंच मला पाहिजे होतं.

ती पोचली नाही. वाटेत जिथं थांबे तिथं लोक पाणी प्यायला जमत, त्यांच्यामागून चणेवाला आला, कासार आला, हलवाई आला, आणि एक दिवस विहिरीनं मान वर करून बघितलं तर तिच्याच कडेनं बाजार भरला होता. म्हातारी एवढं सांगून थांबली आणि म्हणाली, "ह्या मिरच्या घेता का, मास्तर?" मी शेरभर मिरच्या घेतल्या. मग दुसऱ्या मोटारीची चौकशी केली, तर ती तीन वाजता होती.

रस्त्यावर चालत निघालो. कणगल्याच्या पुढपर्यंत पळत-चालत गेलो, आक्का. उन्हानं डोकं फुटायची वेळ आली. वाटेत एक बैलगाडी भेटली. पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. दारात तुझं तोंड बघितलं आणि जिभेवर मोटार आली. गोष्ट ऐकत बसलो होतो म्हणून भाचीचं लग्न चुकवलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार? आणि त्याच गोष्टीनं मला बक्षीस मिळालं, नाव मिळालं. ज्या ज्या शाळेत ते पुस्तक वाचतात तिथं मी कौतुकानं मान हलवतो आणि मनात म्हणतो, हे राजीच्या मांडवातून चोरून आणलंय.

एवढंच आहे. आता तू काय म्हणशील ते म्हण. शिव्या दे, पण बोल.

मष्णू


निपाणी
८ मार्च १९३९

ती. मामास,

आई सांगते आहे तसं लिहिते. माझ्या पदरचं काही नाही. — मालू.

मष्णू, तुजं पत्र दोनदा वाचून घेतलं. तुज्या दाजींनीबी ऐकलं. मिरच्या घेतल्या तिथं आलं तवा ते लई हसलं. मी न्हाय हसले.

मोटार सोडलीस त्याचा मला राग नव्हता रं. ल्हानपनी तुला मीठ आनाय धाडलं तर डोंबाऱ्याचा खेळ बघून मीठ इसरून यायचास. तुजं लक्षान मला आजचं म्हाईत हाय व्हय? आण्णाप्पांनी सांगितलं तवाच मी म्हनले, आमचा मष्णू गोष्टीत घावला आसंल. कुणाला बोलू नगा म्हनले, चारचौघांत भावाची शोभा नको. पर तू दारात आलास आनि माज्या डोळ्यांत बघून खोटं बोललास. आईच्या मागं तुला मी मोठा केला. माजा राग त्याचा. वाटलं, चार दिसांनी येऊन खरं सांगंल. चार वर्सं लागली तुला.

सांगितलंस. बरं वाटलं. मीबी माणूसच हाय. गेल्या चार दिवाळ्यांत भाऊबीजेला पाट मांडलावता, कुणाला कळू न देता परत उचलावा लागला. ते आता बोलत न्हाय.

पर एक इचारते. अठरा-एकोनीस पत्रं मला लिवलीस. राजीला एक तरी लिवलंस का? बोहल्यावर मी हुते व्हय उभी? ती हुती. अंतरपाट धरला तरी पोरगी मान वळवून मागं रस्त्याकडं बघत हुती. भटजी दोनदा म्हनले, सरळ उभी ऱ्हा गं. तुज्याकडं दोन वर्सं ऱ्हायली पोर, तुज्याच ताटात जेवली. आनि तू माफी मागतोस माजी. शाना हाईस.

आदी राजीला लिही. तिच्या सासरी, चिकोडीला धाड. ती ये म्हनली तर माज्या दारात ये, आठ दिस आदी ये, कामं पडल्यात. ती न्हाय म्हनली तर मीबी न्हायच म्हननार. मग मालूच्या पाठीशी रवळू ऱ्हाईल. मला भाऊ पायजे, पर लेकीच्या वरचढ न्हाय.

(मामा, हे सांगताना आई रडली. हे माझ्या पदरचं आहे. — मालू.)


टिळकवाडी, बेळगाव
१४ मार्च १९३९

राजी,

हे सहावं पत्र. आधीची पाच फाडली. प्रत्येक वेळी सुरुवात बरी होते आणि मग त्यात चिंच येते, म्हातारी येते, ऊन येतं, आणि वाचणाऱ्याला माझीच कीव यायला लागते. जयानं पाचवं वाचलं आणि म्हणाली, "गोष्ट नका लिहू. चूक लिहा."

तर चूक लिहितो.

तुझ्या लग्नाला मी वेळेवर येऊ शकलो असतो. आलो नाही. संकेश्वरला एका म्हातारीची गोष्ट ऐकत बसलो आणि मोटार माझ्यादेखत जाऊ दिली. मग खोटं बोललो. त्या दिवशी तू हातभर हिरवा चुडा घालून बसली होतीस. मी तुझ्यापुढं आलो, डोक्यावर हात ठेवला आणि तुलाही तेच खोटं सांगितलं. तू "बरं मामा" म्हणालीस.

आक्काला मी चार वर्षं पत्रं लिहिली, तुला एकही नाही. याचं कारण मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं, आता सांगतो. आक्कापुढं खोटं चालवता येतं असं मला वाटत होतं. तुझ्यापुढं येणार नव्हतं. तू नऊ वर्षांची असताना माझ्या गोष्टीतला खोटा शब्द ओळखायचीस. म्हणून तुझ्या वाटेलाच गेलो नाही. तुला मुलगा झाला हे कळलं तेव्हा बाळंतविडा जयानं पाठवला, माझं नाव घालून. मी तिला नाव घालू नको म्हटलं होतं. मला लाज वाटत होती.

विहिरीचं पुस्तक मी गावोगाव वाटलं. तुला प्रत पाठवली नाही. कशी पाठवणार?

राजी, मी चुकलो. त्याला काही कारण नाही आणि कारण सांगून ती चूक लहान होणार नाही. मालूच्या लग्नाला मला यायचं आहे. फार यायचं आहे. पण तुझी आई म्हणते, तू ये म्हणालीस तरच, आणि तिचं बरोबर आहे. तू नको म्हणालीस तर मी येणार नाही, आणि मोटार बंद पडली असं कुणालाही सांगणार नाही.

तुझा मामा
मष्णू


चिकोडी
२८ मार्च १९३९

मामा,

तुमचं पत्र पोस्टमननं आणून दिलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, कुणाचं गं? मी म्हटलं, माझ्या मामाचं. या घरात येऊन चार वर्षं झाली, हा शब्द मी पहिल्यांदा बोलले. मग आत जाऊन बसले आणि वाचलं. उत्तर द्यायला इतके दिवस लावले ते मुद्दाम. तुम्हीही जरा वाट बघावी म्हणून.

गोष्ट ऐकत बसला होतात, हे मला कुणी सांगायला नको होतं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात तेव्हा तुमच्या कानामागं पेन्सिल होती. खिशातून वहीचं टोक बाहेर आलं होतं आणि मधली पानं लिहून लिहून फुगली होती. मोटार ढकलून आलेल्या माणसाची वही फुगते होय? मी मनात म्हटलं, मामाला गोष्ट गावली. खरं सांगते, राग आला नाही. मला हसू आलं. नवरी हसली म्हणून आत्या ओरडली होती, आठवतंय का?

मी वाट बघत बसले, मामा. मला वाटलं, आता मला कोपऱ्यात बोलावतील, आणि म्हणतील, राजी, ऐक, अजून कुणाला सांगितली नाही. प्रत्येक गोष्ट तुम्ही आधी मलाच सांगायचात. पाठवणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती, तोवर वेळ होता. तुम्ही रात्रीच्या पंक्तीत वाढलंत, जावयाचे पाय धुतलेत, सगळ्यांशी बोललात, फक्त माझ्याकडे पुन्हा फिरकला नाहीत. गाडीत बसेपर्यंत बघत होते. राग तेव्हा आला. मग एक दिवस आमच्या चिकोडीच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंनी एक पुस्तक वाचायला दिलं, त्यात ती विहीर होती. जगातल्या सगळ्या पोरांनी ऐकली आणि मी शेवटची. तेव्हा मी रडले. लग्नात रडले नव्हते.

आता लिहिलंत ते बरं केलंत. तुमचं पत्र तीनदा वाचलं. एकही शब्द खोटा सापडला नाही. खरं म्हणजे सापडावा म्हणून वाचत होते.

आईला मी कळवलं आहे, मामा येणार म्हणून. मालूच्या पाठीशी तुम्हीच उभं राहायचं. पण निपाणीला सरळ जायचं नाही. आधी चिकोडीला यायचं, मला आणि पोराला घेऊन मग पुढे जायचं. सासूबाईंनी परवानगी दिली आहे. त्या म्हणाल्या, न्यायला कुणी आलं तरच पाठवीन, एकटी नाही. आम्हा बहिणींना भाऊ नाही, तेव्हा माझ्या पोरालाही मामा नाही. तो आता सव्वातीन वर्षांचा आहे. दारात कुणी पुरुष माणूस आला की "मामा?" विचारतो, कारण शेजारच्या पोरांकडे मामा येतात. पोस्टमनलाही विचारतो. बिचारा पोस्टमन काय सांगणार?

त्याच्यासाठी खाऊ आणू नका, कपडे आणू नका. नवी गोष्ट आणा. पुस्तकात छापलेली नको, आणि काकतीच्या पोरांना सांगून झालेली तर मुळीच नको. आधी आम्हा दोघांना.

वैशाख लागला की पहिल्या शुक्रवारी दुपारच्या मोटारीनं या. आम्ही स्टँडवर येऊन उभे राहू. शनिवारी आलात तर चालणार नाही, शनिवारी मला पापड लाटायचे आहेत.

तुमची
राजी